सरकलेला रकाना

"तुमची बॅच काल झाली."

लॅबच्या दारात सर उभे होते, एक हात चौकटीला लावून. आत जायला जागाच नव्हती. त्यांच्या हाताखालून मला कॉम्प्युटरची रांग दिसत होती आणि सी बॅचची मुलं. सगळी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "सर, बी बॅच आज आहे ना?"

"काल होती. वेबसाइटवर टाकलं होतं. अख्ख्या कॉलेजने वाचलं. तुलाच वाचता आलं नाही?"

"वाचलं सर. त्यात बुधवारच होता."

मी खोटं बोलत नव्हते. ते दाखवायला मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि तिथेच दारात खाली बसून उघडला. त्याला सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर सर घड्याळाकडे बघत राहिले आणि आत खुसखुस चालू झाली. मग स्क्रीन आली. काळी, तिच्यावर पांढरी अक्षरं. मी टाइमटेबलचं पान काढलं आणि बुधवारच्या ओळीवर बोट ठेवलं.

सर वाकले. बघितलं. लॅपटॉप माझ्या हातातून घेतला आणि आत नेऊन सगळ्यांसमोर धरला. शाळेत बाई नकाशा धरायच्या तसा.

"या, बघा. म्युझियममधला माल. हे नाचणगावचं इंटरनेट."

हशा झाला. तन्मय पहिल्या कॉम्प्युटरवर होता. सरांचा आवडता. तो म्हणाला, "सर, त्यातली लाइट गेली काय?" अजून हशा.

मी दारातूनच म्हणाले, "सर, याच्यावर टेबल नीट दिसत नाही. रकाने सरकतात."

"मग काय करायचं? तुमच्यासाठी वेगळी वेबसाइट काढायची? ॲडमिशन सवलतीत. फी सवलतीत. आता टाइमटेबलही सवलतीत पाहिजे का तुमच्या लोकांना?"

तुमच्या लोकांना. हे ते हळू म्हणाले. हसत म्हणाले.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सॉरी सर."

दार लागलं. लॅपटॉप एका मुलीने बाहेर आणून दिला. तिने तो दोन बोटांत धरला होता.

मला असं लिहायची सवय नाही. कुठून सुरू करावं कळत नव्हतं, म्हणून त्या दारापासून केलं. आता मागचं सांगते.

आम्ही नाचणगावचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा जवळच्या पुलगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहेत. माय भाजीच्या वाडीत जाते, निंदायला, तोडायला. घरात मोठा फोन एकच. तो भावाजवळ असतो, कारण तो मालाचा ऑटो चालवतो आणि भाडी फोनवर येतात. माझ्याकडे बटणांचा फोन आहे. लॅपटॉप मामाने दिला. मामा नागपूरला एका ऑफिसात शिपाई आहे, तिथून तो भंगारात निघाला होता. त्यावर नेहमीचं काही उघडायलाच जीव जायचा. वर्ध्याच्या दुरुस्तीवाल्याने त्यात एक हलकी सिस्टीम टाकून दिली आणि फक्त अक्षरं दाखवणारा एक ब्राउझर. चित्रं नाहीत, रंग नाहीत. पान उघडलं की नुसता मजकूर. मी कॉलेजच्या वायफायवर पानं उतरवून ठेवायची आणि घरी नेऊन वाचायची. मला ते आवडायचं. खरं सांगते, मला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

माय म्हणायची, "काय वं, दिवसभर त्या काळ्या डब्यात पाह्यत राह्यतं. एखादी सिरियल तरी लाव त्याच्यात."

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजने नोटीस बोर्डावर कागद लावणं बंद केलं होतं. आता सगळं वेबसाइटवर. आणि वेबसाइटवर सगळं टेबलात.

त्या टाइमटेबलात झालं होतं ते असं. आडव्या ओळी दिवसांच्या. उभे रकाने बॅचचे. ए, बी, सी. ए बॅच सोमवार ते बुधवार शिबिराला गेली होती, म्हणून तिच्या रकान्यात तीन दिवसांचा मिळून एकच लांब, उभा चौकोन केला होता. मोठ्या स्क्रीनवर ते छान दिसतं. माझ्या ब्राउझरला असा लांब चौकोन कळत नाही. त्याने सोमवारच्या ओळीत 'शिबिर' लिहिलं आणि तो मोकळा झाला. मंगळवारच्या ओळीत पहिल्या जागी बी बॅच येऊन बसली. बीच्या जागी सी. बुधवारीही तसंच. मी बी बॅचची. मी दुसऱ्या जागी बघितलं, तिथे बुधवारी प्रॅक्टिकल होती. ती सी बॅचची होती. माझी मंगळवारी होऊन गेली होती, आणि मंगळवारी मी लायब्ररीत बसले होते. कारण माझ्या पानावर तसंच होतं.

कोणाचा तरी फोन मागून बघायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणाल. मागितला होता मी, आधी, एक-दोनदा. वर्गातल्या मुली फोन देतात. पण देऊन शेजारी उभ्या राहतात. "लवकर कर ना, माझे मेसेज येतात." मग मी मागणं सोडून दिलं.

ही प्रॅक्टिकल झाली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष जातं. आणि वर्ष गेलं तर बाबा पुढे शिकवतील की नाही, याची मला खात्री नव्हती. ते वाईट नाहीत. पण घरात येणारे-जाणारे आत्ताच विचारतात, पोरगी किती शिकणार अजून. प्रॅक्टिकल परत घ्यायची की नाही, हे एकट्या सरांच्या हातात होतं. मी रोज त्यांच्या केबिनबाहेर उभी राहायची. ते बाहेर यायचे, माझ्याकडे न बघता म्हणायचे, "नंतर." आणि जायचे.

त्या उभं राहण्याच्या दिवसांत मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे टेबल नीट वाचून दाखवणारा छोटा प्रोग्राम.

राग आला म्हणून लिहिली, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. मला भीती वाटत होती. पुढचं टाइमटेबल लागेल आणि मी परत चुकीच्या दिवशी जाईन, आणि परत ते दार. त्या भीतीने लिहिली. लायब्ररीत पायथॉनचं एक पुस्तक होतं, मधली काही पानं सुटलेली. त्यावरून.

वेबपानाच्या आतल्या मजकुरात, जिथे सहसा कोणी बघत नाही, लिहिलेलं असतं की हा चौकोन खाली तीन ओळी व्यापतो. माझा ब्राउझर ते वाचून सोडून देतो. मी स्क्रिप्टला सांगितलं, सोडू नको. तीन ओळी म्हटलंय ना, मग तिन्ही ओळींत तो शब्द लिही, आणि बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या जागी बसव. पहिल्यांदा चालवली तर सगळीकडे 'शिबिर', 'शिबिर', 'शिबिर'. अख्खं कॉलेज शिबिराला गेलं. मी लायब्ररीत एकटीच हसले. मग दुरुस्त केली. रुंद टेबल स्क्रीनमध्ये मावत नाही, ओळ मोडून खाली येते आणि काय कशाचं ते कळत नाही, म्हणून ओळ आडवी लिहायचीच नाही असं ठरवलं. प्रत्येक दिवसाचा वेगळा तुकडा. आधी रकान्याचं नाव, पुढे त्यात काय आहे ते.

दिवस: मंगळवार. ए बॅच: शिबिर. बी बॅच: प्रॅक्टिकल. सी बॅच: लायब्ररी.

वाचलं. परत वाचलं. इतकं साधं होतं ते.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. पुढे गावाचं.

हे तुकडे इतके छोटे होते की बटणांच्या फोनवर मेसेज करून पाठवता यायचे. पुलगावहून माझ्यासोबत गाडीने येणाऱ्या पोरी होत्या, देवळीकडून बसने येणारे होते. महिना संपत आला की त्यांच्या फोनमधला नेटपॅक संपलेला असतो. मी त्यांना टाइमटेबल मेसेज करायला लागले. एकीने दुसरीला सांगितलं. कोणी म्हणायचं, "ताई, हॉल तिकिटाचं टेबल पण कर ना." कोणी स्क्रिप्टच मागून नेली. अशी ती विभागात पोचली.

आणि सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बस," ते म्हणाले. मला ते कधीच बस म्हणाले नव्हते.

कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. सगळ्या विद्यार्थ्यांपर्यंत माहिती कशी पोचवता, असं समिती विचारते. सर म्हणाले, "हे तुझं जे काय आहे, ते आपण विभागाचं म्हणून दाखवू. तन्मय प्रेझेंट करेल. त्याचं इंग्लिश चांगलं आहे. बोरगाव मेघेला माझ्या घराजवळच राहतो तो, रोज येऊन तयारी करेल."

मी विचारलं, "आणि मी सर?"

"तू लाभार्थी म्हणून बस. प्रकल्पाला लाभार्थी दाखवावा लागतो. चार वाक्यं बोलायची." मग त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "तुझ्या प्रॅक्टिकलचं बघतो मी. समिती जाऊ दे."

मी म्हणाले, "हो सर."

मला आनंद झाला होता. तोही लिहायला हवा. केबिनमधून बाहेर पडताना मला वाटलं, सुटले.

घरी सांगितलं. बाबा जेवत होते. म्हणाले, "होऊन जाऊ दे. नाव-गिव सोड. वरीस नोको जाऊ दे. आपल्याले त्या मास्तरसंग भांडाचं नाई."

माय भाकर टाकत होती. तिने विचारलं, "लाभार्थी म्हंजे काय वं?"

बाबाच म्हणाले, "ज्याले भेटते तो."

"कोणं देलं मंग हिले?"

"त्या तन्मयनं. म्हंजे तसं दाखवून राह्यले."

माय तव्याकडे बघत म्हणाली, "पण देलं तं हिनं ना? मंग हिले काऊन घेणारी म्हणून बसवून राह्यले तिथं?"

बाबांनी पाणी मागितलं.

समितीच्या आदल्या दिवशी तालीम झाली. हॉलमध्ये खुर्च्या लावल्या होत्या. एक टेबल तन्मयचं, त्यावर त्याचा चकचकीत लॅपटॉप. बाजूला एक लहान टेबल माझं. सर समोर बसून सूचना देत होते.

"तो जुना डबाच आण उद्या. आणि पुसू नकोस त्याला."

मी आदल्या संध्याकाळीच तो ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता. ते मी सांगितलं नाही.

"हा ड्रेस नको. साधा नाही का एखादा?"

तो साधाच होता.

"चल, बोल."

मी कागदावर लिहिलेलं वाचलं. "मी एका अत्यंत गरीब कुटुंबातून आले आहे. माझे आईवडील अशिक्षित आहेत. माझ्यासारख्या मुलींना जगाशी जोडण्याचं काम आमच्या विभागाने आणि माझ्या मित्राने..."

"हळू. अशिक्षित म्हटलं की जरा थांब. खाली बघ. हां, असं."

माय चार इयत्ता शिकली आहे. बाबा सातवी. बाबा रोज पेपर वाचतात. बुद्धविहारात वंदना झाल्यावर पुस्तक वाचायला त्यांनाच बसवतात. मी अशिक्षित म्हटलं आणि थांबले आणि खाली बघितलं. सरांना ते आवडलं.

तन्मय मग माझ्या जवळ आला. हळूच म्हणाला, "मनावर घेऊ नको यार. मलापण ऑकवर्ड होतं. सर म्हणाले म्हणून." तो खरं बोलत होता, असं मला वाटतं. त्याच्या स्क्रीनवर माझी स्क्रिप्ट उघडी होती. पहिल्या ओळीत माझं नाव नव्हतं. त्याचं होतं. गावाच्या जागी विभागाचं नाव.

मी विचारलं, "ही ओळ?"

तो म्हणाला, "कमेंटच आहे ना ती. तिने प्रोग्रामला काय फरक पडतो?"

प्रोग्रामला फरक पडत नाही. हे बरोबर आहे. त्या ओळीशिवाय प्रोग्राम चालतो. मी घरी जाताना गाडीत तेच डोक्यात घोळवत होते. माझ्याशिवाय सगळं चालतं. मी फक्त समोर बसून खाली बघायचं.

दुसऱ्या दिवशी दारात रांगोळी. पाहुण्यांना फेटे. समितीत तिघं होते, त्यातल्या एक मॅडम पुढे बसल्या. तन्मय चांगला बोलला. त्याने मोठ्या पडद्यावर मोडलेलं टेबल दाखवलं, मग नीट झालेलं. टाळ्या झाल्या. सर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, या मुलांच्या घरी काही वातावरणच नसतं हो. यांच्यासाठी आपणच काहीतरी करावं लागतं."

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. चेहरा प्रेमळ होता. "बेटा, सांग. तुला याचा काय फायदा झाला?"

मी उठले. कागद हातात होता.

"मी एका अत्यंत गरीब..." म्हणाले. आणि पुढचा शब्द येईना. कागदावर होता, दिसत होता. सर मानेने खुणावत होते, बोल, बोल. मला भाकर टाकणारी माय दिसली असं काही नाही. मला काहीच दिसत नव्हतं. फक्त तोंडातून ते वाक्य निघत नव्हतं.

मी कागद टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे मले कोणी देलं नाई. हे मीनं लिहिलं."

कॉलेजात मी अशी बोलत नाही. जपून, शुद्ध बोलते. त्या वेळी जपायचं राहून गेलं.

"पहिल्या ओळीत माझं नाव होतं, ते काढलं. माझी प्रॅक्टिकल बुडाली आहे. ती परत घेतो म्हणून मले इथं बसवलं. मी लाभार्थी नाई."

तन्मय बुटांकडे बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

सर हसले. "मुलगी जरा भावनिक आहे मॅडम. टेन्शन येतं यांना स्टेजचं. तसं ते टीमवर्क आहे."

मॅडमनी सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग फाइल मिटली. "हो, हो. टीमवर्क महत्त्वाचं. छान काम आहे." आणि सगळे उठले, कारण जेवण तयार होतं. ठरल्याप्रमाणे एका मुलीने माझ्यापुढे गुलाबाचं फूल धरलं. लाभार्थीचं फूल. मी घेतलं नाही. ती बिचारी ते तसंच हातात धरून उभी राहिली.

काहीच झालं नाही. कोणी चौकशी केली नाही. तन्मयच्या नावाचं प्रमाणपत्र विभागाच्या भिंतीवर लागलं.

मला सरांनी बोलावलं. या वेळी बस म्हणाले नाहीत. समोर कोरा कागद सरकवला. "माफी लिही. समितीसमोर मी गैरवर्तन केलं, माझी मानसिक स्थिती बरी नव्हती, असं. लिहिलंस की उद्या प्रॅक्टिकल घेतो. अर्ध्या तासाचं काम आहे. नाहीतर वर्ष विसर."

पेन त्यांचंच होतं. मी ते उचलून पाहिलं. वजनदार होतं. अर्ध्या तासात माझं वर्ष परत मिळत होतं. बाबांचा चेहरा, घरी येणारे-जाणारे, सगळं त्या कागदाने गप्प झालं असतं. हा मोह मला झाला. बराच वेळ होत राहिला.

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "प्रॅक्टिकल माझी राहिली आहे सर. ती द्या, मी करते. पण मी चुकले नाही, तर माफी कशाची लिहू?"

"तुमच्या लोकांचं हेच असतं," सर म्हणाले. या वेळी हळू नाही. या वेळी हसतही नव्हते.

"हो सर," मी म्हणाले. "आमच्या लोकांचं हेच आहे."

प्रॅक्टिकल झाली नाही. निकालाच्या टेबलात माझ्या नावापुढे अनुपस्थित लागलं. मी प्राचार्यांना अर्ज दिला, तो विभागाकडे गेला, म्हणजे सरांकडेच गेला. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस सकाळी कामावर जाताना म्हणाले, "गाडी चुकल न वं तुही. जात नाई काय कॉलेजले?" एवढंच. भावाने मात्र अजून माफ केलेलं नाही. तो म्हणतो, खानदानात एक पोरगी शिकत होती, तिलेही अक्कल नाई.

आता विभागाने नवीन पद्धत काढली आहे. टाइमटेबल टेबलात टाकतच नाहीत. कागदाचा फोटो काढतात आणि तो वेबसाइटवर लावतात. फोटोत अक्षरं नसतात. फोटोतून माझी स्क्रिप्ट काहीच उचलू शकत नाही. माझ्या काळ्या स्क्रीनवर एकच शब्द येतो: चित्र. पुलगावच्या पोरींना काही पोचत नाही, देवळीच्या मुलांनाही नाही. मुद्दाम केलं की कसं, हे मी सिद्ध करू शकत नाही.

म्हणून मी दर वेळी ऑफिसात जाते. खिडकीशी उभी राहते. क्लार्क म्हणतात, "आली का परत? फोटो दिसत नाही का वेबसाइटवर?" मी म्हणते, फोटो नको, अक्षरात द्या. लेखी मागते. पोच घेते. ते देत नाहीत तोवर लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर तो फोटो मोठा करून एकेक चौकोन हाताने टाइप करते आणि सगळ्यांना पाठवते. वरच्या ओळीत माझं नाव असतं. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि गावाचं.

वर्ष माझं गेलं आहे. पुढच्या वर्षी प्रॅक्टिकल याच सरांकडे आहे आणि मी तिला बसणार आहे. तेव्हाही सर माफीचा कागद पुढे करतील, हे मला माहीत आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही करतील. तो कागद कोराच राहील.